मिस्त्रीने वजन कुठे लावले होते

पोलीस खात्यात मी एकतीस वर्षे काढली. सेवानिवृत्त माणसाला लोक हमखास विचारतात, साहेब, तुमची सर्वांत मोठी केस कोणती? मी एखादा दरोडा सांगतो, नाहीतर जंगलातला बंदोबस्त. विचारणाऱ्याचे समाधान होते. पण एकटा बसलो की मनात येते ते प्रकरण वेगळेच असते. त्यात ना दरोडा होता, ना हत्यार. एका मोटारीचे सुटलेले चाक होते आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली शिशाची एक छोटी पट्टी होती.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षे. मी पोलीस उपनिरीक्षक होतो आणि गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व भागात, रेल्वेमार्गावरच्या एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. या प्रकरणातली काही माणसे आज हयात नाहीत, काही आहेत. म्हणून कोणाचेही नाव घेत नाही.

शनिवार होता. धानाची कापणी उरकून मळणी सुरू झाली होती. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी दुपारच्या आत सायकलवर घरी निघाले होते. समोरून एका राईस मिलच्या मालकाची पांढरी गाडी येत होती. गाडीत एकटा ड्रायव्हर होता. तलावाच्या पाळीजवळच्या, म्हणजे मातीच्या बांधाजवळच्या, वळणावर गाडीचे पुढचे चाक निखळले. गाडी घासत जाऊन थांबली, ड्रायव्हरला खरचटलेही नाही. चाक मात्र त्याच वेगाने एकटे पुढे पळाले आणि गुरुजींच्या छातीवर आदळले. मी पोचलो तेव्हा गुरुजी गेले होते. सायकलच्या हँडलला शाळेची पिशवी तशीच अडकलेली होती. चाक शेताच्या धुऱ्यापलीकडे, कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, पडले होते.

मी पंचनामा केला. डांबरावर गाडीचा जो ओरखडा होता तो मोजला. चाक कुठे पडले त्याचे अंतर मोजले. चाक साधे लोखंडी नव्हते. बाहेरून विकत घेऊन बसवलेले, चकचकीत, ज्याला आपल्याकडे मॅगव्हील म्हणतात ते होते. त्याच्या आतल्या बाजूला चिकट गोंदाचा एक ताजा डाग होता, आणि डागाशेजारी घासल्याची खूण. मी लिहिले, "आतील बाजूस चिकट पट्टीचा डाग दिसतो, पट्टी मिळून आली नाही." पुढे लिहिले, "चाकाचे नट मिळून आले नाहीत."

नट मिळाले नाहीत असे मी लिहिले, पण मी ते शोधले कुठे? गाडी थांबली त्या जागेभोवती वीस पावले. गाडी ज्या रस्त्याने आली होती तो रस्ता मी मागे चालत गेलो नाही. कारण तोवर तीन गावांची माणसे रस्त्यावर बसली होती. आरोपी धरल्याशिवाय गुरुजींना उचलू देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते चुकीचे नव्हते. त्या माणसाने त्यातल्या निम्म्या लोकांना पाटी हातात धरायला शिकवले होते. तहसीलदार आले, समजूत काढली, मी ड्रायव्हरला ताब्यात घेतले, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

ड्रायव्हर चाळिशीचा, मिलवर पंधरा वर्षे काम केलेला माणूस. घाबरलेला होता, पण उत्तरे सरळ देत होता.

"साहेब, गाडी सत्तरच्या वर गेली का स्टिअरिंग थरथरे. म्हणून परवाच बॅलन्सिंग करून आणलो. त्याच्यानंतर हे झालं."

"कुठे केलं?"

"इथंच. बसस्टँडजवळच्या मिस्त्रीकडं."

सोमवारी सकाळी ठाण्यात एक फोन आला. तो ठाणे अंमलदाराने घेतला. बोलणारा हिंदीत बोलला, नाव सांगितले नाही. अंमलदाराने ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून मला दिले. "वो बॅलन्सिंगवाला वजन गलत जगह चिपकाता है. उसी से चक्का निकला. उसको पूछो." आमच्या भागात शहराकडचा माणूस सहज हिंदीत बोलतो, त्यात काही वावगे वाटले नाही. मला तर वाटले, कोणीतरी जाणकार माणूस आहे. पोलिसांना मदत करतो आहे पण कोर्टकचेरीला भितो आहे. अशा फोनांनी मला पूर्वी दोनतीन चोऱ्या सोडवून दिल्या होत्या. त्यामुळे माझा त्यांच्यावर जरा जास्तच विश्वास होता.

मी दोन शिपाई घेऊन बसस्टँडकडे गेलो. मिस्त्री पंचेचाळीसच्या आसपासचा, शिडशिडीत माणूस. नागपूरला टायरच्या दुकानात अकरा वर्षे काम करून चार मैलांवरच्या आपल्या गावी परतला होता आणि त्याने इथे चाकांच्या बॅलन्सिंगचे, म्हणजे शिशाची वजने लावून चाकाचा तोल साधण्याचे, यंत्र आणले होते. आमच्या तालुक्यात तसे यंत्र तेवढे एकच. नाहीतर लोकांना गोंदियाला जावे लागे. मी गेलो तेव्हा यंत्रावर एक चाक फिरत होते. त्याने आधी यंत्र बंद केले, चाक पूर्ण थांबू दिले, मग हात पुसले.

"गुरुजींचंच ना साहेब?" तो म्हणाला. "मी तुमची वाटच पाहून राहिलो होतो."

हे वाक्य मी तेव्हा गुन्हेगाराचे वाक्य म्हणून ऐकले. ज्याच्या मनात काही नाही तो पोलिसाची वाट कशाला पाहील, असे माझे गणित. आज कळते की त्याला काही सांगायचे होते.

ठाण्यात आणून मी त्याला बाकावर बसवले. मी खुर्चीत. वयाने तो माझ्यापेक्षा मोठा होता, पण मी त्याला अरे-तुरेच करत होतो.

"वजन कुठं लावलं होतंस?"

"आतून साहेब."

"बाहेरून का नाही? लोखंडी चाकाला तर बाहेरच्या कडेला ठोकतात. मी पाहिलं आहे."

"त्या चाकाले कड असते, तिच्यात वजनाची चिमटी बसते. मॅगले तशी कड नसते. ठोकलं तर चाक खराब होते आन वजन बी उडून जाते. म्हणून चिकटवायची पट्टी लावतो. यंत्र दोन आकडे दाखवते, एक आतल्या कडेचा आन एक बाहेरच्या अंगाचा. आतली पट्टी मागच्या कडेजवळ लावलो. बाहेरची पट्टी चाकाच्या दांड्याच्या मागं लपवून लावलो, म्हंजे बाहेरून दिसत नाई. आन लावल्यावर पाहिलो, का ब्रेकचा जबडा तिले लागते का नाई. दोन बोटं जागा होती."

"मग ती दांड्यामागची पट्टी गेली कुठं? तिथं फक्त गोंद आहे."

"ते मले चाक पाहिल्याबिगर नाई सांगता येत."

"मी सांगतो. तू चुकीच्या जागी चिकटवलीस. ती निघाली. चाकाचा तोल गेला आणि चाक निखळलं."

"वजन निघून चाक निखळत नाई साहेब," तो शांतपणे म्हणाला. "वजन निघालं तर हाताले थरथर येते. बस, तेवढंच. चाक निखळते ते नटानं. मी त्या ड्रायव्हरले सांगलो होतो. चाकाचं मधलं भोक मोठं हाये, ज्या गोल हबवर चाक चढते त्याच्यावर घट्ट बसत नाई, मंधात भरावाले कडं पाहिजे. आन नट जुन्या लोखंडी डिस्कचे हायेत, ते या भोकात टेकत नाई. हे चाक चढवू नोको, जुनी डिस्क लाव म्हटलो. मी चढवून देलो नाई. तो स्वतःच पाना घेऊन चढवला, माझ्या दुकानासमोर."

तो जवळजवळ तासभर बोलला. एका जुन्या कागदावर त्याने मला चाकाचे चित्रही काढून दाखवले. मी त्याच्या जबाबात सहा ओळी लिहिल्या. त्यातल्या महत्त्वाच्या दोन अशा होत्या: "सदर चाकास वजने मी स्वतः लावली. वजने चाकाच्या आतील बाजूस लावली." उरलेले सगळे मला स्वतःला वाचवण्यासाठी केलेली बडबड वाटली. ड्रायव्हरला बोलावून त्याच्यासमोर विचारले, तर तो म्हणाला, "असं काही सांगला नाई मले. उलट म्हणे, आता गाडी मख्खन चालल." मिस्त्रीने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो रागावला असता तर कदाचित मी थांबलो असतो. रागावणारा माणूस खरे बोलत असतो असा माझा एक समज होता. गप्प राहणाऱ्याविषयी मात्र माझा काहीच अभ्यास नव्हता.

हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा ड्रायव्हरवर होताच, त्यात मी मिस्त्रीचे नाव घातले. कलम जामीनपात्र, त्यामुळे त्याच दिवशी त्याला जामिनावर सोडले. पण त्याआधी आणखी एक गोष्ट केली. त्याचे यंत्र मी जप्त केले.

त्याची गरज होती का? नव्हती. पण वरून रोज विचारणा होत होती की प्रगती काय, आणि जप्तीचा पंचनामा कागदावर भरदार दिसतो. यंत्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवताना मिस्त्री पुढे आला.

"साहेब, न्या. पण तिले आडवी नोका टाकू. तिचा शाफ्ट वाकला तर आकडे खोटे दाखवते. मंग ती काही कामाची नाई."

मी शिपायांना सांगितले, उभे ठेवा. एवढे सांगून मी जीपमध्ये बसलो. ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे अपघाताच्या मोटारसायकली आणि अवैध दारूचे डबे असतात, तिथे ते यंत्र आडवेच पडले. जागा नव्हती. हे मी दुसऱ्या दिवशी पाहिले आणि पुढे गेलो.

जप्त माल कोर्टाकडे अर्ज केला तर सुपूर्दनाम्यावर परत मिळू शकतो. हे प्रत्येक पोलिसाला माहीत असते. मिस्त्रीला माहीत नव्हते. तो सोमवार-गुरुवार हजेरीला येई, बाकावर बसे, सही करून जाई. प्रत्येक वेळी शेडकडे एक नजर टाकी. "अर्ज कर, यंत्र मिळेल," एवढे एक वाक्य मला सांगता आले असते. मी सांगितले नाही. कोणी मला अडवले नव्हते. आरोपीला वाट दाखवणे हे आपले काम नाही, अशी सवय अंगात मुरलेली होती, इतकेच.

गुरुजींच्या पत्नी कागदपत्रांसाठी ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या, ताठ बसणाऱ्या बाई. कागद घेतल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, कोनाची चुकी होती?"

तपास चालू आहे, असे सांगता आले असते. तसे सांगायचा नियमच आहे. पण त्यांच्यासमोर मला काहीतरी ठोस द्यावेसे वाटले. मी म्हणालो, "बॅलन्सिंगच्या मिस्त्रीची. त्याने वजन चुकीच्या जागी लावलं."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पुढच्या आठवडी बाजारात त्यांना मिस्त्रीची बायको भेटली. सगळ्या बाजारासमोर त्या तिला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यानं माझं कपाळ पांढरं केलं." मिस्त्रीची बायको भाजीची थैली तिथेच ठेवून घरी निघून गेली आणि त्यानंतर कित्येक महिने ती बाजारात आली नाही. हे मला एका शिपायाने चहा पिताना सांगितले. मी ऐकून घेतले.

तीन आठवडे गेले. एका दुपारी बांधकाम खात्याचा मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारा मजूर, ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. त्याने दुपट्ट्याची गाठ सोडून माझ्यासमोर तीन नट ठेवले.

"हे कुठं मिळाले?"

"रस्त्यावर. एक मोहाच्या झाडाजवळ, एक पुलाजवळ, एक पाळीच्या अल्याड."

मोहाच्या झाडापासून अपघाताच्या जागेपर्यंत दीड किलोमीटर अंतर आहे. म्हणजे नट एकदम तुटले नव्हते. एकेक करून सैल होऊन गळत आले होते.

"इतके दिवस काऊन नाही आणून दिले?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"दुसऱ्याच दिवशी तुमच्या शिपायाले सांगलो होतो. तो म्हणे, ठेव तुझ्याजवळ. मंग कोनी विचारलंच नाई."

मी तेच नट, चाक आणि ट्रकवर चढवलेली ती गाडी घेऊन गोंदियाला मोटार वाहन निरीक्षकांकडे गेलो. त्यांचा आधीचा अहवाल दोन ओळींचा होता, कारण मी त्यांच्याकडे नुसते चाक पाठवले होते. आता त्यांनी नट चाकाच्या भोकात धरून दाखवला. तो आत टेकत नव्हता, एका बाजूने हलत होता. मग त्यांनी गाडीच्या हबचे माप घेतले. चाकाचे मधले भोक हबपेक्षा बोटाच्या पेराएवढे मोठे होते.

"हे चाक हबवर बसलेलंच नव्हतं," ते म्हणाले. "चार नटांवर नुसतं लोंबकळत होतं, आणि नटही दुसऱ्याच चाकाचे. आज ना उद्या निघणारच होतं."

"आणि ते वजन? पट्टी निघाली होती ना?"

त्यांनी चाक उलटे केले आणि घासल्याची ती खूण मला बोटाने दाखवली. "वजन अगदी योग्य जागी लावलेलं होतं. ज्यानं लावलं त्याला काम येतं. नट सैल झाले, चाक तिरपं झालं, तेव्हा ही पट्टी ब्रेकच्या जबड्याला घासली आणि निघाली. तुम्ही उलटं वाचलं साहेब. वजन निघालं म्हणून चाक हललं नाही. चाक हललं म्हणून वजन निघालं."

मिस्त्रीने मला हेच सांगितले होते. चाक पाहू दिले असते तर हेही सांगितले असते. मी त्याला चाक दाखवलेच नव्हते.

परत आल्यावर मी प्रथम बसस्टँडवर गेलो. मिस्त्रीच्या बंद दुकानासमोर एक बाई चहाची टपरी चालवत असे. दुकानापासून तीस पावले. तीन आठवड्यांत मी तिला एक प्रश्नही विचारला नव्हता. तिने सगळे पाहिले होते. "मिस्त्री हात लावाले तयार नव्हता," ती म्हणाली. "ड्रायव्हर स्वतःच चाकं चढवला. मिस्त्री म्हणे, पुढच्या गुरुवारी कडं आणून देतो, तवर चालवू नोको. ड्रायव्हर म्हणे, मालकाले गाडी आजच पाहिजे."

मग ड्रायव्हरला बोलावले. मी आवाज चढवला नाही. तीन नट टेबलावर ठेवले आणि टपरीवालीचा जबाब वाचून दाखवला. त्याने त्यातला एक नट उचलून पुन्हा टेबलावर ठेवला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. चाके मालकाने नागपूरहून आणली होती. मिलच्या आवारात ती ड्रायव्हरनेच जुन्या नटांनी बसवली होती. मिस्त्रीचे म्हणणे त्याने मालकाला सांगितले होते. मालक म्हणाला, घरचे लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू.

"मिस्त्रीनं सांगितलं नाही, असं खोटं का बोललास?"

"नोकरी होती साहेब."

"आणि फोन?"

"मीच केलतो. पीसीओवरून. मालक सांगतलेत, हिंदीत बोल म्हणून."

ज्या फोनवर विसंबून मी मिस्त्रीच्या दारात गेलो, तो फोन माझ्याच आरोपीने केला होता. त्याला जामीनदार मिळायला सोमवार उजाडला होता, आणि त्या सकाळी तो सुटून दोन तास झाले होते. अंमलदार त्याच सकाळी रजेवरून आला होता, त्याने ड्रायव्हरचा आवाज पूर्वी ऐकला नव्हता, आणि फोन कुठून आला हे काढायची मला गरज वाटली नव्हती.

मालक आणि ड्रायव्हर दोघांवर दोषारोपपत्र गेले. पुढे ड्रायव्हरला शिक्षा झाली. मालक पुराव्याअभावी सुटले. मिस्त्रीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टात सादर केला आणि यंत्र परत देण्यासाठी या वेळी स्वतः अर्ज लिहून त्याच्याकडून सही घेतली. आदेश यायला पावसाळा उजाडला. यंत्र दुकानात नेऊन ठेवल्यावर मी मुद्दाम थांबलो. मिस्त्रीने त्यावर एक चाक चढवले, फिरवले, आकडा पाहिला. त्याच चाकाला हात न लावता पुन्हा फिरवले. आकडा वेगळा. तिसऱ्यांदा फिरवले. आणखी वेगळा.

त्याने बटण बंद केले. "शाफ्ट गेला," म्हणाला. मला उद्देशून नव्हे. यंत्रालाच सांगितल्यासारखे.

मी माफी मागितली का? नाही. "कागदावर तुमचं नाव आता स्वच्छ आहे," असे म्हणालो. त्याला मी 'तुम्ही' म्हणालो ते पहिल्यांदा.

गुरुजींच्या पत्नींना खरे काय ते सांगणे भाग होते. मी त्यांच्या घरी गेलो. सगळे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "पण तुमीच सांगलं होतं साहेब."

"हो. माझी चूक झाली."

"मी त्या बाईले भर बाजारात बोलली." त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मले तिच्या घरी जाव लागते. तुमी बी चाला. आपण दोघंही बोललो, दोघंही जाऊ. बुधवारी दुपारी."

मी हो म्हणालो. बुधवारी सकाळी मी निरोप पाठवला, दरेकशाच्या जंगलाच्या बाजूला बंदोबस्त लागला आहे, तुम्ही पुढे व्हा. बंदोबस्त गुरुवारचा होता. बुधवारी मी ठाण्यात बसून मुद्देमालाचे रजिस्टर तपासत होतो. गणवेशातल्या माणसाने एका मिस्त्रीच्या ओसरीवर बसून चुकलो म्हणणे मला जमणार नाही, असे वाटले. लोक काय म्हणतील, खात्यात काय होईल, अशी कारणे मी स्वतःला दिली. बाई एकट्या गेल्या. तिथे काय झाले ते मी कोणाला विचारले नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

सेवानिवृत्तीनंतर, त्या बुधवारला बारा वर्षे झाल्यावर, मी मिस्त्रीला शोधत गेलो. दुकान केव्हाच बंद झाले होते. मध्ये काही वर्षे त्याने राजनांदगावला दुसऱ्याच्या दुकानात काम केले आणि मग तो आपल्या गावी येऊन शेती करू लागला होता. मी गेलो तेव्हा तो घरासमोर ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पंक्चर काढत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखले आणि बाज पुढे सरकवली.

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. माझी चूक झाली, तुमचं ऐकलं नाही, यंत्र खराब केलं, तुमच्या घरच्यांना त्रास झाला. तो काम न थांबवता ऐकत होता.

"माझी बी चुकी होती साहेब," तो म्हणाला. "मी त्याच्या हातातला पाना हिसकाले पाहिजे होतो. नुसता नोको म्हटलो आन दुसऱ्या गाडीकडं गेलो. ते चाक मले अजून दिसते."

मी म्हणालो, तुमची काहीच चूक नव्हती. त्याने मान हलवली, पण पटले नसावे.

त्याच्या बायकोने चहा आणला. कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, "बाई आल्या होत्या त्या दिवशी. खूप रडल्या. मीच त्यायले उगी केली. त्या म्हणे, साहेब मागून येऊन राहिले. म्हणून आमी चहा थांबवून ठेवला. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली तिघानं बी."

मला वाटले होते, माझा निरोप बाईंना मिळाला आणि विषय संपला. तो निरोप बहुधा पोचलाच नव्हता. किंवा पोचला होता आणि तरीही बाईंना वाटले होते की मी येईन. विचारायला त्या आता नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

आता नवे अधिकारी कधी भेटायला येतात, अनुभवाचे काही सांगा म्हणतात. मी त्यांना सांगतो, निनावी फोन आला की आधी तो कोणी केला ते काढा. घटनास्थळापासून मागे चालत जा. समोरचा माणूस तासभर बोलला तर सहा ओळी लिहू नका. ज्याला त्याचे काम येते, त्याला त्याच्या कामाबद्दल बोलू द्या. हे सगळे ते वहीत लिहून घेतात. आणि शेवटी सांगतो की तपासात चूक झाली तर ती कागदावर दुरुस्त करता येते, त्यासाठी कलम आहे. पण ज्याच्यावर ती झाली त्याच्या घरी जायला कलम नाही. तिथे आपल्या पायांनी जावे लागते, आणि बोलावलेल्या दिवशी जावे लागते. मी गेलो, चहाही प्यायलो. त्या घराने मला एका शब्दानेही दुखावले नाही. पण ज्या दिवशी ती तीन माणसे माझी वाट पाहत बसली होती, त्या दिवशी मी चार मैलांवर रजिस्टर उघडून बसलो होतो.